साक्षगंधाची अंगठी आणि सासूबाईंची एकदाणी



मृग बहाराची संत्री निघाली, व्यापाऱ्याचे पैसे हाती आले, की आपल्या शेंदूरजनाघाटात दोन कामं निघतात. एक, मागची उधारी फेडायची. दुसरं, साक्षगंधाच्या तारखा धरायच्या. परवा एका मावशींनी मला रस्त्यातच गाठलं. म्हणाल्या, "बाई, पोराचं साक्षगंध आहे. पोरगं म्हणते, हिऱ्याचीच अंगठी घालीन. मी म्हणते, दोन आणेभर सोनं जास्त घे, पण हिरा कायले पाह्यजे? आता तुम्हीच सांगा."

मी काही सांगायच्या आत त्या आणखी एक बोलून गेल्या. अंगठीच्या पैशासाठी त्यांनी सासूबाईंची एकदाणी मोडायला नेली होती. घरात सगळे दोन तोळ्यांची म्हणत. आटवल्यावर चोख सोनं निघालं बरंच कमी. ती कोणी घडवली, कधी घडवली, किती कसाची होती, याचा एक कागद घरात नव्हता. सासूबाई गेलेल्या. भांडायचं कोणाशी?

हिऱ्याचं सांगते. पण मला वाटतं, खरा प्रश्न त्या एकदाणीत आहे. आपल्या बायकांजवळ सोनं होतं, पण सोन्याचा पुरावा आपल्याजवळ नव्हता. अंगठी कोणती घ्यावी याचं उत्तर मला तिथूनच द्यायचं आहे. त्यासाठी थोडं मागं जाऊ.

आपला शब्दच बघा: साक्षगंध. पश्चिमेकडे साखरपुडा म्हणतात, आपण साक्षगंध म्हणतो. चार जणांच्या साक्षीनं गंध-कुंकू लावायचं, साडीचोळी द्यायची, ओटी भरायची, साखर वाटायची. झालं, सोयरीक ठरली. आपल्या आजीच्या काळात या सोहळ्यात अंगठी असायचीच असं नव्हतं. लिहिण्यावाचण्याची सोय नव्हती तेव्हा बसलेली चार माणसं हाच कागद होता.

अंगठीची चाल मुळात दूरची. जुन्या रोममध्ये लग्न ठरलेल्या मुलीला अंगठी पाठवत, आणि तीही लोखंडाची, बिनखड्याची. पहिल्या शतकातल्या प्लिनी नावाच्या लेखकानं तसं लिहून ठेवलं आहे. पुढे युरोपातल्या राजघराण्यांत हिऱ्याची अंगठी आली. १४७७ साली ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियननं बर्गंडीच्या मेरीला दिलेल्या हिऱ्याच्या अंगठीचा दाखला नेहमी देतात.

गंमत अशी, की त्या काळी हिरे येत होते आपल्याच देशातून. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाचा हिऱ्यांचा मोठा बाजार भारतावर चालत होता. आणि मैत्रिणींनो, त्यातली एक खाण आपल्या विदर्भात होती. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं वैरागड. अकबराच्या दरबारी अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या शेवटी 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. म्हणजे हिरा आपल्याला परका नाही. परकी आहे ती 'लग्न ठरलं म्हणजे हिरा हवाच' ही समजूत.

ती समजूत कशी आली तेही सांगते. १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले. इतके निघू लागले, की भाव पडायची भीती. १८८८ मध्ये डी बिअर्स कंपनी उभी राहिली आणि तिनं बाजारात किती हिरा सोडायचा हे आपल्या मुठीत ठेवलं. पुढे १९४७ मध्ये अमेरिकेत एका जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी या बाईनं या कंपनीसाठी, हिरा कायम टिकतो अशा अर्थाची एक ओळ लिहिली. ती ओळ जगभर गेली, आणि प्रेम म्हणजे हिरा हे समीकरण घरोघरी पोचलं. विशेष म्हणजे गेरेटीबाईंनी स्वतः लग्न केलं नाही. तेव्हा मावशी, हिरा घ्यायचा तर हौस म्हणून खुशाल घ्या. पण धर्म सांगतो म्हणून किंवा लोक काय म्हणतील म्हणून नको. ती रीत शास्त्रातून आलेली नाही, जाहिरातीतून आलेली आहे.

आता आपल्या सोन्याकडे येऊ. आपल्याकडच्या बायकांचे डाग आठवा. एकदाणी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, गरसोळी, डोरलं, गोट, पाटल्या. पायात चांदीचे तोडे, जोडवी. बाईचं सोनं म्हणजे शोभा होतीच, पण त्याहून जास्त ती तिची तिजोरी होती. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. बाईच्या अंगावर होतं तेवढंच तिचं.

हे सोनं-चांदी वऱ्हाडात आलं कापसाच्या पायी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना. मग साहेबाची नजर वळली वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे. कापसाचे भाव कधी नव्हते इतके चढले. १८७० मध्ये खामगावला आणि १८७१ मध्ये अमरावतीला रेल्वेचा फाटा आला. कापूस मुंबईला जाऊ लागला आणि बदल्यात चांदी गावोगाव येऊ लागली. तेव्हा बँक कुठली? शेतकरी सराफाकडे जायचा आणि पीक बायकोच्या अंगावर चढवायचा. खामगावला आजही चांदीचं गाव म्हणून ओळखतात.

सोनार तेव्हा गुंजेनं तोलायचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आपल्या बांधावर वेलीला लागते ती लाल-काळी गुंज. तोळ्यात गुंजा शहाण्णव. कस बघायला काळी कसोटी. सोनं दगडावर घासायचं, रेघ उमटवायची, माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ शेजारी काढायची आणि नजरेनं ताडायचं. आता यात काय आहे बघा. सोनं बाईचं, पण दगड सोनाराचा, तराजू सोनाराचा, नजर सोनाराची. सोनार भला असेल तर पिढ्यान्‌पिढ्या भलं व्हायचं, आणि असे भले सोनार गावोगाव होते. पण बाईच्या हातात पडताळा नव्हता.

आणि सोनं तरी खरंच तिचं होतं का? आपल्या जुन्या धर्मशास्त्रात स्त्रीधन हा शब्द आहे. मनुस्मृतीनं त्याचे प्रकार सांगितले: लग्नाच्या होमासमोर दिलेलं, सासरी जाताना दिलेलं, प्रेमानं दिलेलं, आईनं, बापानं, भावानं दिलेलं. हे बाईचं. पण याज्ञवल्क्य स्मृतीत एक वाट ठेवलेली आहे. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा कैदेत पडल्यावर नवऱ्यानं बायकोचं स्त्रीधन घेतलं, तर ते परत करायचं बंधन त्याच्यावर नाही.

आता सांगा, सोनं मोडायची वेळ कधी येते? दुष्काळात आणि आजारपणातच ना! म्हणजे जेव्हा बाईला आपलं सोनं लागणार, नेमकं तेव्हाच ते तिच्या हातून जाणार, आणि ते परत मागायची सोय नाही.

आपल्या वऱ्हाडात हे फार मोठ्या प्रमाणात घडलं. १८९९-१९०० चा दुष्काळ आठवणारं आता कोणी उरलं नाही, पण वऱ्हाडावर तो फार वाईट कोसळला होता. त्यानंतरची दुसरी वेळ दुष्काळाशिवाय आली. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचे भाव निम्म्याखाली गेले. शेतसारा मात्र तोच, सावकाराचं व्याजही तेच. मग सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं आपला पौंड सोन्यापासून सोडवला. आपला रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून इथे सोन्याचा रुपयातला भाव चढला. १९२७ च्या कायद्यात सरकारनं सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै धरला होता. तो आता तिशीच्या पुढे गेला.

भाव चढला म्हणून श्रीमंतांनी सोनं विकलं असेल. पण खेड्यात सोनं निघालं ते सारा आणि व्याज भरण्यासाठी. पुढच्या काही वर्षांत भारतातून शेकडो कोटी रुपयांचं सोनं बोटींनी बाहेर गेलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याला नाडलेलं सोनं, अडचणीचं सोनं अशा अर्थाचं नाव आहे. सरकारनं निर्यातीवर बंदी घालावी अशी मागणी देशातल्या पुढाऱ्यांनी केली, पण सरकारनं ऐकलं नाही. त्या सोन्यात वऱ्हाडातल्या किती एकदाण्या, किती पाटल्या होत्या याची नोंद कुठे असणार? बोटीवर चढताना त्या सोन्याच्या विटा झालेल्या होत्या.

कर्जानं लोक इतके पिचले, की १९३३ मध्ये मध्यप्रांत आणि वऱ्हाडात कर्ज लवाद कायदा करावा लागला. त्यासाठी झटणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. त्यानं शेतीला थोडा आधार मिळाला. पण बाईच्या अंगावरून उतरलेला डाग कोणत्या कायद्यानं परत आला नाही. म्हणूनच गाडगेबाबा कीर्तनात पुन्हा पुन्हा सांगत, कर्ज काढून लग्नकार्य करू नका. वऱ्हाडच्या घरांत लग्नाचं कर्ज आणि बायकोचं सोनं यांचा रस्ता एकच असतो, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्याच्या चौदाव्या कलमानं सांगितलं, की हिंदू स्त्रीजवळ असलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण. यात दागिने आले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात आणखी स्पष्ट केलं: सासरच्यांकडे स्त्रीधन नुसतं ठेवायला दिलेलं असतं, मागितल्यावर ते दिलं नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. आणि एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच न्यायालय म्हणालं, की अडचणीत नवऱ्यानं बायकोचं सोनं वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करायची नैतिक जबाबदारी त्याच्यावर आहे. त्या बाईचं ८९ पवन सोनं होतं, आणि पवन म्हणजे ८ ग्रॅम. लग्नाच्या पहिल्याच रात्री जपून ठेवायला म्हणून ते घेतलं गेलं होतं. पंधरा-वीस वर्षं लढल्यावर न्यायालयानं तिला २५ लाख रुपये द्यायला लावले. याज्ञवल्क्यानं ठेवलेली ती वाट इथे बंद झाली.

पण कोर्टात विचारतात, बाई, किती सोनं होतं? कोणी दिलं? कागद काय? तिथे पुन्हा आपली एकदाणी आडवी येते.

त्यासाठी एक सोपा कागद आहे, आणि तोही १९८५ चाच. हुंडाबंदी कायद्याखाली त्या वर्षी नियम झाले, की लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची. नवरीच्या भेटींची यादी नवरीनं ठेवायची, नवऱ्याच्या भेटींची त्यानं. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, आणि खाली दोघांनी सही करायची. किती लग्नांत ही यादी होते? आपण जेवणावळीला किती पत्रावळी लागल्या ते लिहून ठेवतो, आहेराचे एकशे एक रुपये वहीत उतरवतो, पण मुलीच्या अंगावरच्या डागांची यादी करत नाही. करायला गेलं तर कोणी म्हणतं, काय हा अविश्वास! अहो, साक्षगंधात चार माणसं बसवतो तो काय अविश्वास असतो? तीही साक्षच आहे. आता ती कागदावर घ्यायची, एवढंच.

मालकीचं झालं. आता कसाचं बघू. १९६२ मध्ये चीनचं युद्ध झालं. देशभरातल्या बायकांनी अंगावरचे डाग संरक्षण निधीत दिले. त्याच्या मागोमाग जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही, असा नियम झाला. आपल्या लोकांना १४ कॅरेट हे सोनंच वाटेना. गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या थंड झाल्या, कित्येकांनी जीव दिला. पुढे ती अट सैल करावी लागली. पण नियंत्रण राहिलंच. १९६८ मध्ये त्याचा पक्का कायदा झाला आणि तो १९९० मध्ये गेला. या सगळ्या वर्षांत सरकारनं सोनं किती ठेवावं, कोणतं घडवावं हे सांगितलं. पण बाईनं विकत घेतलेलं सोनं खरं आहे का, हे बघायची सोय कोणी केली नाही.

ती सोय आली २००० साली, हॉलमार्कच्या रूपानं. तेव्हा ती सराफाच्या मर्जीवर होती. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत तिची सक्ती सुरू झाली. त्याच वर्षी प्रत्येक दागिन्याला सहा अक्षरं-आकड्यांचा वेगळा क्रमांक मिळू लागला. त्याला एचयूआयडी म्हणतात. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या ठिकाणी हा क्रमांक नसलेला दागिना सराफाला विकता येत नाही. आपल्या घरात आधीपासून असलेल्या जुन्या डागांना याची बाधा नाही. ते आपलेच आहेत आणि मोडताही येतात.

हा क्रमांक म्हणजे आपल्या हाती आलेली कसोटी. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून तीन खुणा बघायच्या: बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, कसाचा आकडा, आणि सहा अक्षरी क्रमांक. मग मोबाइलवर 'बीआयएस केअर' नावाचं अ‍ॅप उघडून तो क्रमांक टाकायचा. डाग कोणता, कस किती, तपासला कुठे, ते दिसतं. तुमच्या हातात अंगठी आहे आणि मोबाइल कानातलं दाखवतो, तर तिथेच थांबा. हॉलमार्क असूनही सोनं हलकं निघालं, तर फरकाच्या रकमेच्या दुप्पट भरपाई मिळण्याची तरतूद नियमात आहे. एकदाणीच्या वेळी भांडायचं कोणाशी हा प्रश्न होता. इथे त्याचं उत्तर आहे.

दोन पळवाटा मात्र ध्यानात ठेवा. २ ग्रॅमपेक्षा हलक्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि साक्षगंधाच्या बऱ्याच नाजूक अंगठ्या २ ग्रॅमच्या आतच असतात. दुसरं, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या लहान दुकानदारालाही सूट आहे. म्हणून ओळखीच्या सोनाराकडे जरूर जा, पण त्याला म्हणा, काका, आमची अंगठी २ ग्रॅमच्या वरची घडवा आणि हॉलमार्क करून द्या. पन्नासेक रुपयांचा खर्च येतो. लाजू नका. आपण नर्सरीवाले आहोत. दूरचं गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, कलम जंबेरीवरचं का रंगपूरवरचं? डोळा कोणत्या झाडाचा? आपल्याला राग येतो का? उलट आपण झाड दाखवतो. तसंच हे.

आता मावशींची अंगठी. सोन्याची बिनखड्याची घ्यायची तर २२ कॅरेट. तिच्यावर ९१६ असतं. म्हणजे १० ग्रॅममध्ये ९.१६ ग्रॅम चोख सोनं. हिरा बसवायचा तर १८ किंवा १४ कॅरेट, म्हणजे ७५० किंवा ५८५. सोनं जितकं चोख तितकं मऊ, आणि मऊ सोन्यातून खडा निसटतो. १९६३ मध्ये ज्याला नाक मुरडलं तेच १४ कॅरेट हिऱ्याच्या अंगठीला चांगलं. फक्त भाव १४ चाच द्या, २२ चा नको.

कॅरेट या शब्दानं गोंधळू नका. सोन्याचा कॅरेट म्हणजे चोविसात किती भाग सोनं. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, एक पंचमांश ग्रॅम. तो शब्दही एका झाडाच्या बीवरून आला आहे, आपल्या गुंजेसारखाच. आणि तोळ्याचंही तसंच. आजीच्या वहीतला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आजच्या दुकानातला तोळा १० ग्रॅमचा. जुन्या डागाचं वजन करताना हे विसरलात, तर घरात उगाच एकमेकांवर संशय यायचा.

पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन, कस, घडणावळ आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. खड्याला सोन्याचा भाव लागू देऊ नका. हिरा खाणीतला, का प्रयोगशाळेत घडवलेला, हे प्रमाणपत्रावर बघा. घडवलेला हिराही रसायनानं खरा हिराच असतो, पण तो बराच स्वस्त मिळतो आणि मोडताना त्याला फारशी किंमत येत नाही. अमेरिकन डायमंड म्हणतात तो हिराच नव्हे. मोडताना किंवा बदलताना किती कापणार, तेही पावतीवर मागा. आणि पावती करा ती सुनेच्या नावानं. अंगठी तिला देणार ना? मग कागदही तिचाच.

घडण निवडताना तिचा हात बघा. भाकरी थापणारा, संत्री तोडणारा, कलमेवर डोळा बांधणारा हात असेल तर उंच पंज्यातला खडा नको. तो लुगड्यात अडकतो, पिठात भरतो. खडा कोंदणात खाली बसलेला असावा, कडा गोल असाव्यात. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराच्या कामानं बोटं थोडी फुगतात. पुढे बाळंतपणात बोटं सुजली तर अंगठी वेळेवर काढा. अडकलीच तर साबणाच्या फेसानं फिरवत काढा, ओढू नका. आणि कडबा कुट्टी, मळणी यंत्र, मोटारीचा पट्टा यांच्याजवळ जाताना अंगठी बोटात नकोच. यंत्रात अंगठी अडकली तर बोट जातं. सोनं दुसरं मिळेल, बोट मिळणार नाही.

सांभाळायचं कसं, तेही थोडक्यात सांगते, कारण इथे आपल्या गावच्या सवयीच आड येतात. गव्हाच्या कोठीत आपण पाऱ्याच्या टिकड्या टाकतो. सोन्याची बांगडी किंवा अंगठी घालून त्या धान्यात हात घातला, की पारा सोन्याला चिकटतो, सोनं पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं. अशी अंगठी चुलीवर धरून पांढरेपणा घालवायचा प्रयत्न करू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते. सोनाराकडे न्या आणि पारा लागलाय असं त्याला आधी सांगा. बागेत गंधकाची फवारणी असेल त्या दिवशी चांदीची जोडवी, पैंजण काढून ठेवा. गंधकानं चांदी काळी पडते. संत्री सोलताना मोत्याची अंगठी नको. संत्र्याच्या आंबट रसानं मोत्याचं तेज जातं. मोत्याची नथ अत्तर-पावडर झाल्यावर शेवटी घालायची आणि सगळ्यांत आधी काढायची.

रोजचं सोनं कोमट पाण्यात रिठा घालून, मऊ ब्रशनं धुवा. टूथपेस्टनं घासू नका, त्यानं ओरखडे पडतात. फरशी पुसायच्या ब्लीचमध्ये तर दागिन्याचा हात नकोच. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. ते गरम पाण्यात टाकले की लाख सुटते. तेजाबात बुडवून उजाळा देणारा फिरता माणूस दारात आला तर त्याला रामराम करा. चकाकी येते, पण तुमचं सोनं त्याच्या तेजाबात उतरतं. हिरा साबणाच्या पाण्यानं चमकतो. तो वेगळ्या पुरचुंडीत ठेवा, नाहीतर शेजारच्या सोन्याला ओरखडतो. अंगठीचा खडा हलतोय का हे वर्षातून एकदा सोनाराकडून बघून घ्या, आणि गरसोळीचा दोरा झिजायच्या आधी पटवेकऱ्याकडून नवा गाठवून घ्या.

आणि शेवटचं सांभाळणं कागदाचं. आज रात्री डबा उघडा. एकेक डाग पांढऱ्या कापडावर ठेवून मोबाइलवर फोटो काढा. वहीत लिहा: डाग कोणता, वजन किती, कोणी दिला, कधी दिला. सासूबाई आहेत, आई आहे, तोवर विचारून घ्या. त्या जे सांगतील ते आणखी कोणाला ठाऊक नाही. हॉलमार्कचे क्रमांक उतरवा. डाग गहाण ठेवायचाच झाला तर पावती ज्या बाईचा डाग तिच्या नावानं घ्या, आणि तिला विचारूनच ठेवा.

कालिदासाच्या नाटकातली शकुंतला आपल्याला ठाऊक आहे. दुष्यंतानं तिला अंगठी दिली होती. ती पाण्यात पडली, आणि भरदरबारात राजानं तिला ओळखलंच नाही. अंगठी सापडली ती माशाच्या पोटात, आणि तेव्हा राजाला सगळं आठवलं. त्या गोष्टीत अंगठी शोभेची नव्हतीच. ती शकुंतलेचा पुरावा होती.

तेव्हा मावशी, हिरा घ्या किंवा नुसतं सोनं घ्या, तुमच्या आणि तुमच्या पोराच्या हौसेवर आहे. पण सुनेच्या हातात अंगठी घालाल, तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात पावती ठेवा. चाळीस वर्षांनी तिची सून ती अंगठी घेऊन सराफाकडे गेली, तर तुमच्यासारखं रिकाम्या मनानं परत यायची वेळ तिच्यावर यायला नको.

आज इथेच थांबते. डबा उघडायला विसरू नका. नमस्कार.